घरात बोलणारे पुष्कळ, तिच्याशी कोण बोलतं?

(अजिंठा, ता. सिल्लोड येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



बचत गटाच्या बाया, अंगणवाडीताई, आशाताई, सगळ्याच आज इथे आहेत म्हणून हा विषय मुद्दाम घेते. मला बहिऱ्या मुलांविषयी बोलायचं आहे. पण कानाविषयी नाही, मनाविषयी.

कर्णबधिर मुलींबद्दल घरोघरी काही वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘फार हट्टी आहे.’ ‘दुसऱ्याचा विचारच करत नाही.’ ‘कुणीही बोलावलं की जाते, कळतच नाही तिला.’ आणि वर, ‘देवानं कान दिले नाहीत, तशी अक्कलही दिली नाही.’ हे शेवटचं वाक्य खोटं आहे.

समोरच्याच्या मनात काय चाललंय हे डोळ्यांना दिसत नाही, तरी आपण ते ओळखतो. याला अभ्यासक ‘थिअरी ऑफ माइंड’ म्हणतात. आपण मनाची जाण म्हणू. ही जाण मुलाला हळूहळू येते. ती पाहण्यासाठी मुलाला दोन बाहुल्यांची गोष्ट दाखवतात. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. मागे अ‍ॅन ती काढून पेटीत लपवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल म्हणतं, पेटीत. जे मला ठाऊक, ते सगळ्यांना ठाऊक, असं त्याला वाटतं. चार-पाच वर्षांचं मूल म्हणतं, टोपलीत. सॅलीची समजूत चुकीची आहे आणि ती त्या समजुतीप्रमाणेच वागेल, हे त्याला उमगलेलं असतं.

१९९५ साली ऑस्ट्रेलियात पीटरसन आणि सीगल यांनी असाच प्रश्न कर्णबधिर मुलांना विचारला. मुलं ८ ते १३ वर्षांची, बुद्धीनं चांगली. तरी निम्म्याहून जास्त मुलं चुकली. यावरून ‘बहिरेपणामुळे समज कमी’ असं कुणी म्हणेल. पण पुढचं ऐका. ज्यांचे आईवडीलही कर्णबधिर आहेत आणि घरात जन्मापासून हातांची भाषा आहे, अशी मुलं या बाबतीत ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीनं असतात. अमेरिकेत २००७ साली शिक आणि सहकाऱ्यांनी १७६ कर्णबधिर मुलांचा अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं. ज्या कसोट्यांत बोलण्याची फारशी गरज नव्हती, त्यांतही भाषा उशिरा मिळालेली मुलं मागे होती. कान दोन्हीकडे सारखेच. फरक होता तो घरातल्या संवादाचा.

बहुतेक कर्णबधिर मुलं मात्र ऐकणाऱ्या घरात जन्मतात. ऐकणारं मूल ओट्यावर खेळता खेळता सगळं ऐकत असतं. ‘आजीला वाटलं तू विसरलास, म्हणून ती रुसली.’ ‘मामाला अजून माहीत नाही, सांगू नकोस हं.’ वाटणं, विसरणं, माहीत असणं, फसणं हे सगळं त्याच्या कानावर फुकट पडतं. बहिऱ्या मुलीच्या वाट्याला खुणा येतात त्या ये, जा, जेव, आण, नको एवढ्याच. ‘का’ ची खूण घरात कुणी केलेलीच नसते.

आपल्या लेण्यांचंच बघा. १६ नंबरच्या लेण्यात खचून गेलेल्या राजकन्येचं चित्र आहे. तिची कललेली मान बघून कुणालाही कळतं की ती दुःखात आहे. पण तिचा नवरा नंद भिक्षू झाला म्हणून ती कोसळली, हे गोष्ट सांगितल्याशिवाय कळत नाही. बहिऱ्या मुलीचं घरात तसंच होतं. आई रडतेय हे तिला दिसतं. का रडतेय, हे तिला कुणी सांगत नाही.

हा प्रश्न बाईच्या सुरक्षिततेचाही आहे. समोरचा माणूस गोड हसून वेगळाच बेत करत असेल, ही शक्यता जिला कधी कुणी समजावली नाही, तिला फसवणं सोपं जातं. झाल्यावर सांगायला तिच्याकडे शब्द नसतात. आणि मग दोष तिलाच.

आता अवघड मुद्दा. मोलर आणि शिक यांनी २००६ साली दाखवलं की ऐकणारी आई आपल्या बहिऱ्या मुलाशी विचारांबद्दल, इच्छांबद्दल जितकं जास्त बोलते, तितकी त्याची जाण वाढते. हे खरं आहे. पण याचा अर्थ ‘आई कमी पडली’ असा लावायचा का? बहिरं मूल झालं म्हणून आधीच तिला बोल लावतात. मोलमजुरी, पाणी, स्वयंपाक यातून वेळ काढून तिनं एकटीनंच नवी भाषा शिकायची? बाप, आजी, भाऊ, काका यांना हात नाहीत का? त्यातून कुणी तिला बजावतं, ‘खुणा करू नका, मूल बोलायचं राहील.’ श्रवणयंत्र जरूर लावावं, वाचाही शिकवावी. पण त्यांची वाट पाहत मुलाला भाषेविना ठेवणं हा अन्याय आहे.

म्हणून काही कामं आपण वाटून घेऊ. बाळ आवाजाकडे वळत नसेल तर आशाताईंनी तपासणीचा आग्रह धरावा. ‘उशिरा बोलेल’ म्हणून वर्षं घालवू नयेत. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा, म्हणजे २०१५ साली स्थापन झालेल्या संस्थेचा, १०,००० शब्दांचा कोश २०२१ पासून आहे, व्हिडिओच्या रूपात. मोबाइल घरातल्या पुरुषांच्याच हातात असतो; त्यांनी तो यासाठीही उघडावा. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमण्याची तरतूद आहे. ते आपल्या तालुक्यात कुठे आहेत, हे लेखी विचारू. आणि ही भाषा ज्यांची आहे, त्या कर्णबधिर बायांनाच शिकवायला बोलावू, मानधन देऊन.

उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. निकाराग्वा देशात १९७० च्या दशकाअखेरीस शाळेत एकत्र आलेल्या बहिऱ्या मुलांमधून एक नवी सांकेतिक भाषा घडली. पहिल्या पिढीकडे ‘वाटणं’, ‘माहीत असणं’ यांच्या खुणा फारशा नव्हत्या आणि मोठेपणीही ती अशा कसोटीत मागे होती. पुढच्या पिढीच्या संगतीत त्या खुणा शिकल्यावर या मोठ्या माणसांचीही जाण वाढली. २००९ साली पायर्स आणि सेनगास यांनी हे मांडलं.

तेव्हा घरी गेल्यावर तिला ‘जेव’ एवढीच खूण करून थांबू नका. तुला काय वाटतं, हेही विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ तिच्यासमोर बसा.