पाट्यावरची चटणी
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेच्या आठवणी निघाल्या की डब्याची आठवण निघते, आणि डब्याबरोबर आजीच्या हातची पाट्यावरची चटणी. तिच्या चवीचे वर्णन सारेच करतात. ती वाटायला किती वेळ लागे, हे क्वचितच कोणी सांगतो. घरातील नित्याची कामे साहित्यात आणि चित्रपटात कशी उमटतात हे पाहताना म्हणूनच आधी विचारावे लागते, की सांगणारी व्यक्ती पानावर बसलेली आहे की पाट्यापाशी?

जात्यावरची ओवी ही दळणारीची वाणी. हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेर आहे, विठोबा आहे, तसाच सासुरवासही आहे. घर निजलेले असताना जे बोलता येई, ते तेथे बोलले गेले. गिरणी आली आणि ओवी मागे पडली, याची हळहळ रसिकांना वाटते. जाते ओढणाऱ्या हातांना ती वाटली असेल का, याची मात्र शंका आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकापायी घरातील माणसांची कशी त्रेधा उडे, हे त्या हसत हसत सांगतात. ते हसू वाचकाला सहज मिळते; लेखिकेला ते सोसून मिळाले होते.

जिओ बेबी यांचा ‘द ग्रेट इंडियन किचन’ हा मल्याळम चित्रपट २०२१ चा. केरळातील एका घरात नवी सून येते. भात कुकरमध्ये नको, चुलीवर हवा. चटणी मिक्सरची नको, दगडावर वाटलेली हवी, असा सासऱ्यांचा आग्रह. आवाज कोणी चढवत नाही. मागणी अगदी मायेने केली जाते, आणि म्हणूनच ती नाकारणे अवघड होते. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. चिरणे, वाटणे, घासणे, झाडणे यांचेच आवाज, पुन्हा पुन्हा. काही प्रेक्षकांना हे कंटाळवाणे वाटते. पण तो कंटाळा दोन तासांपेक्षा कमी वेळाचा आहे. सुनेला सुटी नाही.

प्रवेशअर्जात आईच्या व्यवसायापुढे ‘काही नाही’ असे लिहिणारे पालक आजही आढळतात. पुष्कळदा ते अक्षर आईचेच असते.

या चित्रपटातील नवरा दुष्ट नाही, हे विशेष. तो शिक्षक आहे, समाजशास्त्र शिकवतो. घरी मोरीची नळी गळते आहे. दुरुस्तीला माणूस बोलवा, असे बायको पुन्हा पुन्हा सांगते. त्याच्या लक्षात राहत नाही. ते सांडपाणी रोज तिलाच उपसावे लागते.