कोचीला जायचं, पण उतरायचं कुठं?

दुपारची भांडी आवरून रेडिओ लावला असेल, तर आता जरा पाय पसरून बसा. आज आम्ही कुठली पाककृती सांगणार नाही, की बचतीचा हिशोबही सांगणार नाही. म्हणजे हिशोब थोडा येईल, पण तो सहलीचा. मे महिन्यात आम्ही अकराजणी केरळातल्या कोची शहरात जाऊन आलो. तिथं काय पाहिलं ते नंतर. आज सांगायचं आहे ते आधीचं, म्हणजे उतरायची जागा कशी ठरवली ते. कारण सहल चांगली होते की वाईट, हे निम्मं तिथंच ठरतं.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्यातल्या तिघींच्या घरी न्याहारी-निवासाची सोय आहे, पर्यटकांना खोल्या तुम्हीच देता, तुम्हाला काय अवघड? आम्हालाही तसंच वाटत होतं. पण खोली देणं वेगळं आणि परक्या गावात खोली मागणं वेगळं. हे आम्ही एकदा ठेच लागून शिकलो.

तीन वर्षांपूर्वी आमचा गट एका देवस्थानाच्या गावी गेला होता. मोबाइलवर फोटो पाहिले, खोल्या स्वच्छ दिसल्या, भाडं कमी होतं, आगाऊ पैसे पाठवून मोकळ्या झालो. गेल्यावर कळलं की खोल्या तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. आमच्या गटात सगळ्यांत थोरल्या आमच्या आत्या. त्यांचे दोन्ही गुडघे दुखरे. पहिल्या दिवशी त्या कशाबशा चढल्या, दर्शनाला एकदा उतरल्या आणि नंतर दोन दिवस खोलीतच बसून राहिल्या. आम्ही संध्याकाळी फिरून आलो की म्हणायच्या, "मला बरं वाटतं गं इथंच. गॅलरीतून सगळं दिसतं." गॅलरीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसत होती. आमच्याइतकेच पैसे त्यांनीही भरले होते, आणि त्या पैशांत त्यांनी टाकी पाहिली. ते आम्हाला लागून राहिलं.

म्हणून या वेळी कोचीचं ठरलं तेव्हा आत्या पहिल्यांदा काय म्हणाल्या? "तुम्ही जा. माझे भरलेले पैसे गटातच राहू देत." दरमहा माणशी २०० रुपये अशी दोन वर्षं आम्ही भर टाकली होती. माणशी ४,८०० रुपये झाले होते. ते सोडून द्यायला त्या तयार होत्या, पण पुन्हा खोलीत बसायला तयार नव्हत्या. मग आम्ही ठरवलं की जागा आत्यांच्या गुडघ्यांपासून शोधायची. त्यांना जमेल ते सगळ्यांना जमेल.

आता कोची कसं आहे ते डोळ्यांपुढे आणा, कारण त्याशिवाय जागा निवडता येत नाही. बंदराचं शहर आहे, मधोमध खाडीचं पाणी. पूर्वेला एर्नाकुलम. रेल्वे स्टेशन, बाजार, मोठी दुकानं, दवाखाने, मेट्रो, सगळं तिकडे. पश्चिमेला पाण्यापलीकडे फोर्ट कोची आणि मट्टनचेरी. जुनी डच-पोर्तुगीज घरं, मसाल्याची गोदामं, चिनी जाळी तिकडे. मधे विलिंग्डन बेट. हे बेट माणसानं केलेलं आहे. बंदर खोल करताना काढलेला गाळ भरून ते तयार झालं, आणि त्या कामाचे इंजिनिअर होते रॉबर्ट ब्रिस्टो. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला पुलांवरून गाडीनं जायचं तर बारा-तेरा किलोमीटर पडतात आणि रहदारी भरपूर. बोटीनं मात्र सरळ समोर.

म्हणजे पहिला प्रश्न हॉटेल कुठलं हा नाही, पाण्याच्या कुठल्या बाजूला राहायचं हा आहे.

आमच्यात दोन तट पडले. सात जणींना फोर्ट कोची हवं होतं. तिथं घरगुती निवास पुष्कळ आहेत. केरळचं पर्यटन खातं त्यांना डायमंड, गोल्ड, सिल्व्हर अशा श्रेणी देतं, तेव्हा श्रेणी मिळालेली आहे का हे विचारायला हरकत नाही. आम्ही एक घर पाहिलं, फोटोतच. लाल कौलं, अंगणात आंबा, अगदी आपल्याकडच्यासारखं. चार खोल्या, प्रत्येकी १,५०० रुपये. सगळ्या माना डोलावल्या. मग आमच्यातल्या एका वहिनीनं फोन करून विचारलं, "जिना कसा आहे?" मालकीणबाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, खोल्या वर आहेत, जिना लाकडी आहे आणि उभा आहे. खाली खोली एकच, तीही त्या तारखांना दिलेली.

एर्नाकुलमला बोटीच्या धक्क्याजवळ एक लॉज मिळत होतं. तिकडे अशा लॉजला बरेचदा 'टूरिस्ट होम' म्हणतात, त्या नावाला बिचकू नका. लिफ्ट होती. खोली १,८०० रुपये, वर ५ टक्के जीएसटी. लगेच कुजबुज सुरू झाली, महाग आहे, महाग आहे. मग आम्ही वही काढली.

चार खोल्या, तीन रात्री. घरगुती निवासाचे १८,००० रुपये. लॉजचे २१,६०० आणि कराचे १,०८०, म्हणजे २२,६८०. फरक ४,६८० रुपयांचा. पण फोर्ट कोचीला सामानासकट अकराजणी जायच्या तर तीन गाड्या, जाताना आणि येताना. गाडीला ५०० धरले तर ३,००० रुपये. लॉजला स्टेशनवरून चार रिक्षा, दोन्ही वेळचे मिळून ४८०. आता करा वजाबाकी. फरक उरला २,१६० रुपयांचा, माणशी दोनशेच्या आत. भाडं नुसतं खोलीचं बघायचं नसतं मैत्रिणींनो, स्टेशनपासून उशीपर्यंतचं बघायचं असतं.

तेवढ्यावर सातजणी गप्प झाल्या. पण खूश नव्हत्या, हेही सांगायला हवं. आंब्याचं अंगण सुटलं ते सुटलंच.

आता फोनवर काय काय विचारलं ते सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

एक, लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून आहे की आधी सात-आठ पायऱ्या चढाव्या लागतात? हे कोणी आपणहून सांगत नाही. आम्ही व्हिडिओ मागवला. खोलीचा नाही, फाटकापासून खोलीच्या दारापर्यंतचा. वहिनी म्हणाली, "भैया, चलते चलते निकालो." त्यांनी काढून पाठवला.

दोन, संडास कमोडचा आहे का, आणि न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे का? धरायला कडी किंवा दांडा आहे का?

तीन, हवा. मे महिन्यात कोचीला पारा आपल्यासारखाच असतो, पण दमट हवेनं अंग चिकचिकतं. महिन्याच्या शेवटी वळवाच्या सरी येतात, आणि १ जूनच्या आसपास मोसमी पाऊस केरळात पोचतो. तेव्हा वीज गेली तर जनरेटरवर पंखा चालतो का, एसीही चालतो का, हे विचारा. कोचीच्या डासांची ख्याती आहे, म्हणून खिडकीला जाळी आहे का हेही विचारा. आम्ही दोन एसी आणि दोन साध्या खोल्या घेणार होतो. पण साध्या खोल्यांच्या खिडक्या जाळीशिवाय होत्या. रात्री खिडकी बंद ठेवायची तर पंख्याचा उपयोग काय? म्हणून चारही एसी घेतल्या. तुमच्या जागेला जाळी असेल तर पैसे वाचवा.

चार, खोली कधी मिळणार आणि कधी सोडायची? काही ठिकाणी दुपारी १२ चा नियम असतो, काही ठिकाणी घेतल्या वेळेपासून २४ तास. रत्नागिरीहून नेत्रावती एक्स्प्रेसनं संध्याकाळी निघालं की दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलम जंक्शन येतं. परतीची गाडीही दुपारचीच होती. त्यामुळे आम्हाला २४ तासांचा नियम सोयीचा पडला. शहरात स्टेशनं दोन आहेत, एर्नाकुलम जंक्शन आणि एर्नाकुलम टाउन. तिकिटावर कुठलं आहे ते पाहूनच रिक्षा आणि लॉज ठरवा.

पाच, तिसऱ्या बाईसाठी गादी किती रुपयांत? खाली टाकणार की पलंग देणार? आम्ही तिघी-तिघींच्या तीन खोल्या आणि दोघींची एक अशी वाटणी केली. आत्या दोघींच्या खोलीत.

सहा, रद्द केलं तर पैसे किती परत? रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं. आधी तिकीट पक्कं करा, मगच खोलीचे पैसे भरा. तोवर विनाशुल्क रद्द होईल असंच आरक्षण घ्या.

आता सावधगिरीचं. इंटरनेटवर हॉटेलच्या नावानं सापडलेला प्रत्येक नंबर हॉटेलचाच असतो असं नाही. फसवणारेही नंबर टाकून ठेवतात. आम्ही दोन वेगळ्या ठिकाणांहून नंबर ताडून पाहिला, लॉजच्या फोनवर स्वतः बोललो आणि एका रात्रीचेच पैसे आगाऊ पाठवले. कुणी ओटीपी मागितला किंवा कुठलं ॲप घ्यायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या नंबरला कळवा. ओळखपत्राची प्रत मागतात, ती द्यावी लागते. पण आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत निघते, ती काढून ठेवा. मूळ कार्ड कुणाकडे ठेवू नका.

आणि खोलीत गेल्या गेल्या पिशवी ठेवायच्या आधी तीन गोष्टी पाहा. आतली कडी बसते का, नळाला पाणी येतं का, आणि आगीच्या वेळी उतरायचा जिना कुठं आहे आणि तो मोकळा आहे का. आमच्या मजल्यावर त्या जिन्यात गाद्या रचून ठेवल्या होत्या. आम्ही सांगितल्यावर तासाभरात हलवल्या. सांगितलं नसतं तर तशाच राहिल्या असत्या. आपण बायका भीड धरतो, पाहुणे आहोत असं वाटतं. अहो, तिथं आपण पाहुणे नाही, गिऱ्हाईक आहोत.

आता आत्यांचं काय झालं ते ऐका.

कोचीला २०२३ पासून वॉटर मेट्रो सुरू झाली आहे. विजेच्या बॅटरीवर चालणाऱ्या बोटी, आत गारवा. तिचा धक्का पाण्यावर तरंगता असतो. भरती असो की ओहोटी, धक्का आणि बोटीची जमीन एका पातळीत राहते. चाकाची खुर्चीसुद्धा सरळ आत जाते. हायकोर्टजवळच्या धक्क्यावरून बोट थेट फोर्ट कोचीला लागते. आत्या काठी टेकत चालत आत गेल्या आणि खिडकीशी बसल्या. समोरून मोठं मालवाहू जहाज चाललं होतं. म्हणाल्या, "आपल्या जेटीवर उडी मारून होडीत बसावं लागतं. इथं माझा हात कुणी धरलासुद्धा नाही."

त्या दिवशी त्या सगळीकडे आल्या. चिनी जाळ्यांपाशी बसून त्यांनी मासेमारांचं काम पाहिलं. दगडांच्या वजनावर तोललेलं ते मोठं जाळं चार-सहा माणसं पाण्यात सोडतात आणि वर घेतात. आपल्या रापणीला माणसांची रांग लागते, इथं वजन काम करतं. सेंट फ्रान्सिस चर्च पाहिलं. वास्को द गामाला १५२४ साली आधी तिथं पुरलं होतं, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मट्टनचेरीला मसाल्याच्या गल्लीत कोकणी बोलणारं घर भेटलं. त्यांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून तिकडे गेलेले. आत्या त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसल्या. निम्मं कळलं, निम्मं हातवाऱ्यांनी. तुम्ही जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, आणि १५६८ सालचं ज्यू प्रार्थनास्थळ शनिवारी बंद. दिवस त्याप्रमाणे मांडा.

राहिलेल्या सातजणींची पहाटेची जाळी पाहायची हौस होती. त्या एका दिवशी पहिल्या बोटीनं जाऊन आल्या. रात्री मात्र पलीकडे रेंगाळता येत नव्हतं, शेवटची बोट गाठायची असे. तेवढं सोसलं.

परत आल्यावर आमच्यातल्या तिघींनी आपापल्या घराकडे पाहिलं. आमच्याही खोल्यांना सहा पायऱ्या आहेत, आणि आम्हीही फोनवर ते कधी सांगत नव्हतो. एकीनं पायऱ्यांना कठडा लावला. दुसरीनं न्हाणीघरात दांडा बसवला, साडेसातशे रुपयांत काम झालं. तिसरीनं अजून काही केलं नाही, पण फोनवर आता पायऱ्या मोजून सांगते. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. जाऊ देत. त्यांच्याबरोबर कुणाच्या तरी आत्या असतील.

पुढच्या वर्षीसाठी भर टाकणं सुरू झालंय. पहिले दोनशे आत्यांनी दिले. जागा कुठली ते अजून ठरलं नाही, पण फोन कुणी करायचा ते ठरलंय. आत्या म्हणाल्या, "या वेळी मीच विचारते, जिना कसा आहे म्हणून."

बरं तर मैत्रिणींनो, आता चहाची वेळ झाली. येतो आम्ही. नमस्कार.