दारावरचे नवे

कोजागिरी म्हटली की शहरातल्या माणसाला आठवते ते आटवलेले दूध, गच्चीवरचे चांदणे आणि रात्रीचे जागरण. कोकणात याच पौर्णिमेला आणखी एक नाव आहे. ते म्हणजे नवान्न पौर्णिमा. बोलताना नुसती 'नव्याची पुनव'. आज या नव्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

दापोली, गुहागर, लांजा, देवरूख ही तालुक्याची गावे असली, तरी काही मोठी शहरे नव्हेत. एक बाजारपेठ, एक एस. टी. स्थानक, आणि पेठ मागे पडली की लगेच भाताची खाचरे. पावसाळा सरत आला की या खाचरांना सोनेरी रंग चढतो, आणि घराघरांत नव्याची तयारी होते. कुणी दसऱ्याला नवे बांधतो, कुणी पौर्णिमेला. ज्या घराची जशी रीत.

नवे म्हणजे तरी काय? भाताची लोंबी, वरकस जमिनीतले नाचणीचे कणीस, थोडी वरी, कुरडूचे फूल, झेंडूचे फूल, हे सारे आंब्याच्या पानात धरून दोऱ्याने बांधायचे. झाले नवे. पहिले देवाला, मग दाराला. पण दारावर ते थांबत नाही. तुळशीला नवे, विहिरीला नवे, गोठ्याला, नांगराला, भाताच्या कणगीला, एवढेच काय पण पाट्या-वरवंट्यालाही नवे. हल्ली दारातल्या मोटरसायकलीलाही ते मिळते, आणि त्यात वावगे काहीच नाही. वर्षभर ज्याने ज्याने राबून घराच्या तोंडी घास घातला, त्याचा त्या दिवशी मान. मग नव्या तांदळाची खीर होते. भात अजून झोडून झाले नसेल, तर काही घरी लोंबीतले चार दाणे सोलून जुन्या तांदळात मिसळतात. देवाला दाखविल्यावाचून नवे अन्न तोंडात घालायचे नाही, हा मूळ नियम.

आता एक गंमत बघा. गणपतीला मुंबईचा चाकरमानी मिळेल त्या गाडीने गावी येतो. शिमग्याला येतो. नव्याला मात्र सहसा येत नाही. या सणाला मिरवणूक नाही, पालखी नाही, जादा गाड्या नाहीत. या सणाला एकच गोष्ट लागते: शेतात जाऊन आलेला माणूस. कारण लोंबी आणायची तर खाचरात उतरावे लागते. कुठले भात तयार झाले, कुठले अजून दुधात आहे, कुठे कीड पडली, कुठे डुकरांनी लोळण घातली, हे सारे त्या फेरीत डोळ्यांखालून जाते. पिकाची वर्षाची पाहणीच ती. तिला पूर्वजांनी सणाचे नाव दिले आणि पंचांगात बसवून टाकली.

पण पंचांग आणि पीक यांचे पाऊल नेहमीच बरोबर पडते असे नाही. ही पौर्णिमा २०२३ साली २८ ऑक्टोबरला आली, तर २०२५ साली ६ ऑक्टोबरला. अधिक मासामुळे तिथी अशी मागेपुढे सरकते. भात तसे सरकत नाही. ८ जूनच्या सुमारास पेरलेले ११० दिवसांचे हळवे भात सप्टेंबरअखेर कापणीला येते. १४० दिवसांच्या गरव्याला ऑक्टोबरची अखेर उजाडते. म्हणून जुना शेतकरी थोडे हळवे आणि थोडे गरवे असे दोन्ही लावी. सणाला हळव्याची लोंबी मिळे, आणि सारा डाव एकाच पावसावर लागत नसे.

आणि पाऊस तर आता फार लांबतो. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरीत. हवामान खात्याने २०२० साली ती ८ ऑक्टोबर केली. म्हणजे हळवे भात कापायच्या वेळी डोक्यावर ढग असायचेच. २०१९ साली नव्याची पौर्णिमा १३ ऑक्टोबरला झाली. दारोदार नवे बांधून झाले, खीर झाली. आणि पुढे दोन आठवड्यांत, ऐन दिवाळीत, समुद्रात 'क्यार' वादळ उठले. कापून वाळत टाकलेले भात पाण्यात गेले, लोंब्यांना जागच्या जागी कोंब फुटले. दारावर लोंबी कोरडी, आणि खाचरात भात कुजलेले! नवे हे सुगीचे वचन असते, पावती नसते, हे त्या वर्षी पुष्कळांना नव्याने कळले.

त्याहून मोठी काळजी दुसरी आहे. मजुरी परवडत नाही, डुकरे नि वानरे पीक ठेवीत नाहीत, मुले शहरात. एकेक खाचर पडीक पडते आहे. नवे मात्र दारावर अजून दिसते. पेठेत ते आयते विकत मिळते. मुंबईत दादरच्या फुलबाजारातही दसऱ्याला झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या विकायला येतात. विकत घेण्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या पैशावर एखाद्या बाईची दिवाळी होते. पण घरचे शेत असून दारावर परक्या शेतातली लोंबी असेल, तर पाहणीची ती फेरी चुकली. आणि जी जमीन वर्षातून एकदाही कुणी पाहात नाही, तिचा बांध फुटला तरी कळत नाही.

शेजारी गोव्यात हीच रीत चर्चमध्येही पाळतात. राय गावी ५ ऑगस्टला आणि ताळगावला २१ ऑगस्टला नव्या कणसांना आशीर्वाद देतात. देव निराळा, तारीख निराळी. पण पहिले कणीस शेतातूनच यावे लागते.

तेव्हा ज्यांचे शेत आहे, त्यांनी सगळे जमत नसेल तर एक खाचर तरी लावावे, नव्यापुरते का होईना. आणि ज्यांना विकतच घ्यायचे आहे, त्यांनी विकणारीला एवढेच विचारावे: "बाई, हे भात कुठल्या गावचं? हळवं की गरवं? यंदा पीक कसं आहे?" ती सांगेल, आणि मनापासून सांगेल.