ज्यूदोमधील आघात आणि त्यांचें चिनी मूळ

बोरिवलीनजीक कान्हेरीच्या डोंगरांत शंभराहून अधिक लेणीं आहेत. तीं पाहतांना एक कल्पना सहज मनांत येते: अशाच एखाद्या विहारांतून चीनकडे गेलेल्या भिक्षूनें निःशस्त्र झुंजीची विद्या तिकडे नेली, आणि तीच पुढें जपानांत ज्यूदो झाली. या समजुतीच्या मुळाशीं बोधिधर्माची कथा आहे. ती अभिमानास सुखावते खरी. परंतु त्याचा सर्वांत जुना चिनी उल्लेख इ. स. ५४७ च्या सुमाराचा असून, त्यांत तो लोयांग येथील स्तूप पाहून थक्क होतो. मुष्टियुद्धाचा तेथें मागमूस नाहीं. शाओलिन मठांतील तालमीशीं त्याचें नांव जोडणारा ग्रंथ १७ व्या शतकांतला, आणि त्याची प्रस्तावना तर बनावट ठरली आहे.

चीनचें ऋण मात्र अगदींच नाकारतां येत नाहीं. १८८२ सालीं तोकियो येथें कोदोकान स्थापन करणारे जिगोरो कानो हे तत्पूर्वीं तेन्जिन शिन्यो संप्रदायांत शिकले होते. आघातांविषयीं त्या संप्रदायाची ख्याती होती. त्याचें एक मूळ योशिन संप्रदायांत आहे. आणि त्याचा संस्थापक अकियामा हा नागासाकीचा वैद्य चीनमध्यें जाऊन ठोशा-लाथांचे थोडे प्रकार व मूर्च्छितास शुद्धीवर आणण्याच्या युक्त्या शिकून आला, अशी परंपरा सांगते. चेन युआन-पिन या चिनी पंडितानें ही विद्या जपान्यांस दिली, हें मत मात्र खुद्द कानो यांनींच १८८८ सालीं खोडून काढलें. बीज कांहींसें तिकडचें असेल, मशागत जपानचीच.

मग सामन्यांत ठोसा कां नाहीं, असें अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या वर्गांत नुकताच दाखल झालेला मुलगा विचारील. मर्मावरचा घाव सोबत्यावर पूर्ण जोरानें घालतां येत नाहीं, आणि जोरावांचून केलेली झुंज लुटुपुटीची. म्हणून कानोंनीं पकड व फेक झुंजीसाठीं ठेविली, आणि आघात 'काता'मध्यें, म्हणजे ठरलेल्या क्रमानें करावयाच्या जोडीच्या प्रकारांत, जतन केले. आपल्या कुस्तीच्या हौद्यांतही ठोसा वर्ज्यच. बडोद्यास शिंगाची वज्रमूठ चढवून लढणाऱ्या मल्लांचीं १९ व्या शतकांतील वर्णनें वाचलीं म्हणजे ही मर्यादा कां, तें उमगतें.

'किमे-नो-काता' यांत असे वीस प्रकार आहेत. पहिल्यांत दोघे गुडघे टेकून समोरासमोर बसतात. हल्लेखोरानें दोन्ही मनगटें धरतांच दुसरा आपले हात फांकवून त्याचा तोल पुढें ओढतो, छातीच्या हाडाखालच्या खळग्यावर गुडघ्यानें आघात करतो, आणि लागलीच त्याचा हात काखेंत दाबून कोपर अडकवितो. या आघातानें गडी पडावा असा हेतु नसतो. क्षणभर त्याचा श्वास अडतो, आणि तेवढ्यांत पकडीस वाट मिळते.