नव्या तांदळाची खीर

आमच्या गगनबावड्यात पाऊस सरल्याची बातमी सगळ्यात आधी स्वयंपाकघराला लागते. वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव. कोल्हापूर इथून 55 किलोमीटरवर, पण तिथं याच्या पाचव्या हिश्श्याइतका पडला तरी पुष्कळ झालं म्हणतात. जूनपासून आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी चुलीच्या उबेला ठेवावी लागते, आणि चुलीवरच्या दोरीला वाळणाऱ्या कपड्यांना कांद्याचा, सुकटीचा वास लागतो. चार महिने कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी आणि धूर. मग भाद्रपद संपता संपता एखाद्या सकाळी करूळ घाटातून वर आलेलं धुकं दहा वाजेपर्यंत चक्क विरून जातं. त्या दिवशी आमची अम्मा आधी वाकळा उन्हात टाकायची, मग मिरच्या, आणि मग आम्हा पोरांना बाहेर हाकलायची.

श्रोतेहो, कवी म्हटल्यावर मी शरदाच्या चांदण्यावर बोलावं अशी अपेक्षा असणार. चांदणं येईल, पण थोडं मागून. माझ्या आठवणीत शरद आला की पहिला येतो तो नव्या तांदळात विरघळणाऱ्या गुळाचा वास.

याला कारण आहे. हिंदू पंचांग महिने चंद्रावरच मोजतं, पण अडीच-पावणेतीन वर्षांनी त्यात अधिक महिना धरतात आणि सण पुन्हा ऋतूच्या जागेवर आणून बसवतात. म्हणून दसरा हळव्या भाताच्या कापणीच्या मागंपुढंच येतो. आमच्या हिजरी वर्षात अधिक महिना नाही. वर्ष 354 दिवसांचं, त्यामुळं ईद दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. 1982 आणि 1983 साली ती भर जुलैत आली. जुलैत गगनबावड्यात चंद्र बघायचा म्हणजे! ज्या गगनगडावर गैबी पिराचं ठाणं आहे आणि गगनगिरी महाराजांचा मठही, तो अख्खा गड आम्हाला समोर असून दिसायचा नाही. ईद झाल्याचा निरोप कोल्हापुराकडून यायचा, तेव्हा शेवया परतायला सुरुवात. उलट 2006 साली 21 ऑक्टोबरला दिवाळी झाली आणि 25 ला ईद. आकाश धुतलेलं. चंद्रकोर आम्ही आमच्या अंगणातून, आमच्या डोळ्यांनी बघितली. त्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या आणि आमच्या घरामधल्या गडग्यावरून इतकी ताटं इकडून तिकडं गेली, की शेवटी कुठलं ताट कुणाचं यावरून दोघींत प्रेमळ भांडण झालं.

पण असा योग आयुष्यात दोनदा, फार तर तीनदा. एरवी शरदाला आमच्या घरात हक्काचा सण नव्हता. तो अम्मानं स्वतःच ठरवून टाकला. दहा गुंठ्यांच्या आमच्या खाचरातलं भात कापून, झोडपून, गिरणीतून आलं की त्यातला पहिला तांदूळ खिरीला. कोल्हापूर म्हटलं की लोक तांबडा-पांढरा रस्सा विचारतात. तोही आमच्याकडे होतो, पण तो बाराही महिने. ही खीर वर्षातून एकदाच. नव्या तांदळाला पाणी बेताचं लागतं, नाहीतर गोळा होतो. तांदूळ धुवून, निथळून, तुपावर जरासा परतायचा आणि मऊ शिजवायचा. मग गूळ. दुधात गूळ घातला की फाटायची भीती, म्हणून अम्मा नारळाचा रस घालायची. नारळ घाटाखालचा, वैभववाडीच्या बाजारातला. शेवटी वेलदोडा. अब्बा खिरीवर फातेहा द्यायचे आणि पहिली वाटी गडग्यापलीकडे जायची. काकूंच्या दाराला तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या बांधलेल्या असायच्या. तिकडून यायचे तांबड्या भोपळ्याचे घारगे. आता तो भोपळाही खरं म्हणजे आमचाच. वेल आमच्या परड्यात आणि फळ त्यांच्या कौलांवर. "ज्याच्या कौलावर बसला त्याचा," हा अम्माचा न्याय. त्यात घारगे आपसूक मिळतात हे तिला चांगलं ठाऊक होतं.

2019 साली ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला आणि ऑक्टोबर उलटला तरी पाऊस हटेना. कापायला आलेलं भात खाचरात आडवं झालं, लोंबीवरच कोंब फुटले. नोव्हेंबरात ऊन पडल्यावर जे हाती लागलं ते वाळवून गिरणीत नेलं. तांदूळ मूठभर, बाकी सगळी कणी. मी म्हणालो, "अम्मा, कोल्हापुरातनं चांगला नवा तांदूळ आणतो." तिनं सुपातून मान वर केली नाही. "वो अपने खेत का है क्या?" एवढंच म्हणाली.

तिनं त्या कणीची खीर केली. खीर कसली, पेजच ती. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली होती, फातेहा मी दिली. खिरीला किंचित कुबट वास होता, गुळानंही झाकला गेला नाही. कुणी बोललं नाही. वाटी नेहमीप्रमाणे गडग्यापलीकडे गेली आणि काकूंनी ती चाटूनपुसून संपवली. त्यांचंही भात गेलं होतं, त्या वर्षी त्यांच्या दाराला लोंब्या नव्हत्या. अम्मा वाटी धुताना म्हणाली, "अगले साल बराबर करेंगे." पुढच्या सालची कापणी तिनं बघितली नाही.

आता खीर मी करतो. बायकोला माझी ढवळाढवळ आवडत नाही, पण त्या एका दिवशी ती मला चूल सोडून देते. म्हणजे गॅसच, पण आम्ही अजून चूलच म्हणतो. यंदाही पहिली वाटी काकूंकडं गेली. काकू आता ऐंशीच्या पुढं आहेत, ऐकायला कमी येतं, चव मात्र शाबूत. त्यांनी बोटानं खीर चाखली आणि सुनेला मोठ्यानं, मला अंगणात ऐकू येईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "गूळ लई घातलाय ह्यानं. भाभीचा हात न्हाई."

संध्याकाळी वाटी परत आली. घारग्यांनी भरून, वर एक घारगा जास्तीचाच.