ओटा आणि भिंतीची सोयरीक

हातातलं काम चालू ठेवा, तव्यावरची भाकरी करपू देऊ नका, फक्त एक कान आमच्याकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत स्वयंपाकाच्या ओट्याबद्दल. ओट्यावर कोणता दगड टाकायचा आणि ओट्यामागच्या भिंतीला कोणती टाइल लावायची? गवंडी या भिंतीच्या टाइलला ‘डॅडो’ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय आहे? आहे. घर बांधताना पाया, भिंती, स्लॅब यांत पैसा जातो. स्वयंपाकघराची पाळी शेवटी येते, तोवर हात रिकामा झालेला असतो. मग दगड मिस्त्री ठरवतो, टाइल दुकानदार ठरवतो, आणि त्या ओट्यापुढे वर्षानुवर्षं उभं राहायचं असतं आपल्याला. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट ठरलेलं आहे. त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. हे घरकुल साधारणपणे बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर होतं. कागदावर आपलं नाव आहे, तर ओट्याबाबत आपला शब्द का नको?

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की ओटा आणि भिंत एकाच वेळी ठरवा. दगड आज आणला, टाइल सहा महिन्यांनी बघू, असं करू नका. या दोघांची सोयरीक आहे. एकाचं दुसऱ्याशी पटलं नाही, तर त्रास आपल्यालाच.

आधी दगड बघू. आपल्याकडे स्वस्तात मिळतात कडप्पा आणि शहाबादी. कडप्पा येतो आंध्र प्रदेशातून, शहाबादी येते कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातून. दोन्ही चुनखडीचे दगड. राजस्थानचा कोटाही त्याच जातीचा. हे दगड मजबूत आहेत, पण त्यांना आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, कोकम, ताक सांडून राहिलं, की तिथली चकाकी जाते आणि पांढुरका डाग पडतो. तांब्याचा हंडा चिंचेने घासायचा असेल तर तो मोरीत घासा, कडप्प्यावर नको. फरशी धुवायचं ॲसिड तर ओट्याच्या जवळही आणू नका. एवढं सांभाळलं, तर कडप्पा पुष्कळ वर्षं साथ देतो.

संगमरवर दिसायला छान, पण तोही आंबटाला हार जातो. हळदीचा आणि तेलाचा डागही धरतो. रोज फोडणी घालणाऱ्या घरात तो ओट्यावर घेऊ नये.

ग्रॅनाइट महाग पडतो, पण कठीण असतो आणि लिंबाने त्याचं काही बिघडत नाही. घेताना दोन गोष्टी करून बघा. तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. पाणी मुरून दगड काळपट झाला, तर तो तेलही पिणार. मग बसवल्यावर सीलर लावावा लागेल. दुसरं, नखांचं पॉलिश काढायचं ॲसिटोनचं पाणी पांढऱ्या कापडावर घेऊन काळा ग्रॅनाइट घासा. कापडाला रंग लागला, तर दगड रंगवलेला आहे, तो सोडून द्या. दुकानदार हो-नाही करायला लागला, तर दुसरं दुकान बघा.

आणखी एक. बोअरचं पाणी जड असेल, तर चकचकीत काळ्या दगडावर क्षारांचे पांढरे ठिपके रोज दिसतात. अशा गावात करडा किंवा तपकिरी, बारीक ठिपक्यांचा ग्रॅनाइट सोयीचा. त्यावर डाग चटकन डोळ्यांत भरत नाहीत.

आता भिंत. फोडणीचं तेल, वाफ, हळदीचे शिंतोडे, सगळं तिच्यावर उडतं. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलला पुढून काचेसारखा थर असतो, तो पाणी पीत नाही. पण मागची माती पाणी पिते. म्हणजे टाइल खराब होते ती तोंडाकडून कमी आणि सांध्यांतून जास्त. म्हणून सांधे जितके कमी, तितकी घासाघीस कमी. लहान लहान चौकटींच्या टाइलपेक्षा १२ बाय १८ इंचांची किंवा त्याहून मोठी टाइल बरी. सांध्यात नुसतं पांढरं सिमेंट भरलं, की थोड्याच दिवसांत ते हळदीने पिवळं होतं. करड्या रंगाचा ग्राउट भरा. इपॉक्सी ग्राउट महाग असतो, पण तो तेल धरत नाही. सगळीकडे परवडत नसेल, तर निदान शेगडीच्या मागे तोच भरा.

टाइल गुळगुळीत घ्या. दगडासारखी खडबडीत टाइल दुकानात देखणी दिसते, पण तिच्या खाचांत तेल आणि काजळी बसते. ती काढता काढता आपली बोटं सोलतात.

चूल आणि गॅस दोन्ही असतील, तर चुलीमागे टाइल लावू नका. धगीने ती तडकते किंवा सुटते. तिथे साधा गिलावा ठेवा आणि वर्षाला चुना मारा. ग्रॅनाइटवरही जळतं लाकूड किंवा लाल झालेला तवा थेट ठेवू नका. खलबत्ता कुटायचा तो जमिनीवर. ओट्यावर कुटलं, की आधार नसलेल्या जागी दगडाला तडा जातो.

आता रंगांची जुळणी. नियम सोपा आहे. दोघांपैकी एकाने नटायचं, दुसऱ्याने साधं राहायचं. दगड ठिपक्यांचा असेल, तर टाइल एकरंगी. दगड सपाट काळा असेल, तर टाइलवर थोडी नक्षी चालेल. दोन्हीकडे नक्षी असली, की डोळ्यांना गोंधळ होतो आणि ओट्यावर सांडलेलं पीठ, साखर किंवा मुंग्यांची रांगही लवकर दिसत नाही.

आपल्या स्वयंपाकघरांना बहुधा एकच खिडकी असते. कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट असेल, तर भिंत फिकट हवी, म्हणजे पांढुरकी, साईच्या रंगाची किंवा फिकट करडी. फिकट भिंत उजेड परत फेकते, तांदळातला खडा दिसतो, दिवसा दिवा कमी लावावा लागतो. भिंत अगदी पांढरीशुभ्र नको वाटत असेल, तर बारीक रेघेची घ्या.

फळांच्या परडीचं नाहीतर कपबशीचं चित्र असलेली टाइल बऱ्याच जणींना आवडते. हौस जरूर करा, पण ती शेगडीपासून लांब लावा आणि दोन टाइल्स जास्तीच्या घेऊन ठेवा. चित्रं बदलत राहतात. एक फुटली, तर तशीच पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

दुकानात जाताना दगडाचा वीतभर तुकडा पिशवीत न्या. टाइल आणि तुकडा शेजारी ठेवून दाराबाहेर उजेडात बघा. मग दोन्हीवर पाणी शिंपडून बघा, कारण ओटा दिवसभर ओलाच असतो. दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच वस्तू छान दिसतात.

हिशोब सांगतो, लिहून घ्या. ओटा ८ फूट लांब आणि २ फूट रुंद, म्हणजे १६ चौरस फूट दगड. मागची भिंत ८ फूट लांब आणि २ फूट उंच धरली, तर टाइलही १६ चौरस फूट. १२ बाय १८ इंचांची एक टाइल दीड चौरस फूट भरते. म्हणजे ११ टाइल्स लागतील. फूटतूट धरून १३ घ्या. खिडकी असेल तर तेवढी जागा वजा करा. पैसे कमी असतील, तर दगडात काटकसर करून कडप्पा घ्या, पण शेगडीमागची टाइल आणि सांधा चांगला करा. घ्याल त्या सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर एकच आहे ना, ते बघा. वेगळा असला, तर भिंतीवर रंगाचा फरक दिसतो.

आता बसवण्याचं. मिस्त्रीला तीन गोष्टी सांगा. एक, आधी ओट्याचा दगड बसवायचा आणि मग टाइल दगडाच्या वर टेकवायची. म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी ओट्यावर येतं, दगडामागे जात नाही. दगडामागे पाणी गेलं, की तिथे ओल आणि झुरळं कायमची. दोन, दगड आणि टाइल यांच्यामधली फट पक्की भरायची आणि ओट्याला सिंककडे किंचित उतार द्यायचा. तीन, ओट्याची उंची आपल्या मापाने. ताठ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा आणि कोपरापासून ४ ते ६ इंच खाली खूण करा. खाली फरशी अजून बसायची असेल, तर तिची जाडी धरूनच माप घ्या. काम झाल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला, तर ती टाइल काढून पुन्हा लावायला सांगा आणि मगच शेवटचे पैसे द्या.

मैत्रिणींनो, यातली कुठलीच गोष्ट अवघड नाही. गटाच्या येत्या बैठकीत, ज्यांचं घर चालू आहे त्यांची नावं घ्या. त्यांच्याबरोबर दोघीजणी दुकानात जा. एकटीने विचारलं तर ‘तुम्हाला काय कळतं’ असं ऐकावं लागतं. तिघी गेल्या, हातात दगडाचा तुकडा आणि हिशोबाचा कागद असला, की दुकानदारही नीट बोलतो, मिस्त्रीही नीट ऐकतो. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.