बंद पेटीतला ताप



साक्री तालुक्याला ऊन आणि वारा या दोन गोष्टींची उणीव कधीच नव्हती. पूर्वी आपण या दोहोंबद्दल कुरकुरच करीत असू. पुढे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि २०१३ साली शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. वीज ही कुठून तरी लांबून येणारी वस्तू आहे, असे आता इथल्या मुलांना वाटत नाही. ती विजेशी खेळतात, तारा जोडतात, विज्ञान प्रदर्शनासाठी यंत्रे बनवितात. ही फार चांगली गोष्ट आहे. आज मात्र मी एका अगदी लहान भागाबद्दल बोलणार आहे. त्याचे नाव व्होल्टेज रेग्युलेटर. आकाराने अंगठ्याच्या नखाएवढा, किंमत दहा-पंधरा रुपये. पण त्याने मनावर घेतले तर वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवितो. थोडा हिशेब सांगणार आहे. तेव्हा शिक्षकांनी आणि मुलांनी कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

आधी एक गोष्ट सांगतो. तालुक्यातल्या एका शाळेतल्या मुलाने विहिरीसाठी एक यंत्र बनविले होते. विहिरीतले पाणी खाली गेले की मोटार आपोआप बंद, पाणी चढले की पुन्हा सुरू. थंडीच्या दिवसांत प्रदर्शन झाले. टेबलावर यंत्र उघडे मांडलेले होते. दिवसभर चालले, सर्वांनी वाखाणले. वडिलांनाही कौतुक वाटले. चैत्रात त्यांनी ते यंत्र प्लॅस्टिकच्या डब्यात घालून, धूळ जाऊ नये म्हणून झाकण घट्ट आवळून, विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसविले. सकाळी यंत्र छान चालले. बाराच्या सुमारास मोटार बंद. थोड्या वेळाने सुरू. पुन्हा बंद. संध्याकाळी ऊन उतरल्यावर जणू काही झालेच नाही! चार दिवस असेच गेले आणि कांद्याचे अर्धे वाफे कोरडे राहिले. शेजारी येऊन विचारू लागले, "काय व्हयनं भाऊ?" वडील म्हणाले, "शाळेतलं शाळेतच बरं."

हे वाक्य मला लागले. मुलाने तीन वेळा रेग्युलेटर बदलला. भाग नकली आला असेल असे त्याला वाटले. पण भाग खरा होता आणि दोषीही नव्हता. तो तापत होता, आणि जळून जाण्याआधी स्वतःला बंद करून घेत होता. या जातीच्या रेग्युलेटरच्या पोटातच तशी सोय असते. आतला ताप फार वाढला की तो काम सोडतो, निवला की पुन्हा कामाला लागतो. म्हणून श्रोतेहो, तुमचे एखादे यंत्र दुपारी थांबत असेल आणि रात्री चालत असेल, तर भाग बदलण्याच्या आधी तापाचा संशय घ्या.

आता हा ताप येतो कुठून? साक्रीहून नवापूरकडे जाताना कोंडाईबारीचा घाट लागतो. भरलेला ट्रक घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर उतरला तर चाकांना वास सुटतो. उंचीवरून खाली येताना जी शक्ती सुटते, तिची ब्रेकमध्ये उष्णता होते. आपला रेग्युलेटर नेमके हेच करतो. मुलांच्या यंत्रात बहुधा ७८०५ हा रेग्युलेटर असतो. त्यातले शेवटचे ०५ म्हणजे बाहेर पडणारे पाच व्होल्ट. आत पंधरा व्होल्ट आले आणि बाहेर पाच द्यायचे असले, तर मधले दहा व्होल्ट तो ब्रेक लावून उतरवितो. ते दहा व्होल्ट कुठेही साठत नाहीत. त्यांची उष्णता होते.

हिशेब सोपा आहे. आत येणाऱ्या व्होल्टमधून बाहेर जाणारे व्होल्ट वजा करा आणि उरलेल्या आकड्याला अँपिअरने गुणा. उत्तर येईल ते वॉट. आपल्या मुलाच्या यंत्रात तीन रिले होते. पाच व्होल्टचा साधा रिले सुमारे ७० मिलीअँपिअर घेतो. तिघांचे झाले २१०. आकडे दाखविणारा पडदा आणि बाकीचे मंडल मिळून ९०. एकूण ३०० मिलीअँपिअर, म्हणजे ०.३ अँपिअर. ट्रान्सफॉर्मर होता १२-०-१२ चा. इथे पुष्कळांची चूक होते. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे बारा व्होल्ट, असे ते धरून चालतात. पण डायोड आणि मोठा कपॅसिटर लावल्यावर तिथे बाराचे सुमारे पंधरा-सोळा व्होल्ट होतात. मीटर लावून पाहा, म्हणजे पटेल. तर पंधरातून पाच गेले दहा. दहाला ०.३ ने गुणले, तीन वॉट झाले. यंत्राच्या कामी येतात दीड वॉट, आणि तीन वॉट नुसते तापण्यात जातात. घरी साडेचार भाकरी भाजायच्या आणि तीन चुलीत टाकायच्या, असा हा संसार.

तीन वॉट ऐकायला थोडे वाटतात. पण ७८०५ ला पंख नसले, तो नुसता उघडा उभा असला, तर दर वॉटमागे त्याच्या पोटातला ताप भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ६५ अंशांनी चढतो. तीन वॉटचे झाले १९५ अंश. त्याला सोसण्याची मर्यादा आहे पोटातल्या १२५ अंशांची. म्हणजे थंडीतदेखील हे गणित बसत नव्हते. प्रदर्शनात तो कसा चालला, असे तुम्ही विचाराल. तिथे तिन्ही रिले एकाच वेळी फार वेळ ओढलेले नव्हते, मंडल उघडे होते, आणि हवा गार होती. विहिरीवर मात्र मोटार तासन्‌तास चाले. त्या डब्यात आम्ही तापमापक ठेवला. भर दुपारी पारा ५८ अंशांवर होता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बंद डब्यात तापलेला भाग आधी डब्यातली हवा तापवितो. त्या तापलेल्या हवेत मग तो स्वतःच बसतो. दारे-खिडक्या लावून आत चूल पेटविण्यासारखेच हे आहे. म्हणून रेग्युलेटरला अॅल्युमिनियमचा पंखा, ज्याला हीटसिंक म्हणतात, तो डब्याच्या आतच लावला तर अर्धेच काम होते. रेग्युलेटरमधली उष्णता डब्यातल्या हवेत आली, पण डब्याबाहेर कुठे गेली?

आता उपाय सांगतो. ते याच क्रमाने करावेत.

पहिला उपाय म्हणजे उष्णता होऊच न देणे. याला खर्चही फारसा नाही. १२-०-१२ च्या जागी ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर लावावा. मग रेग्युलेटरपुढे पंधराऐवजी अकरा व्होल्ट येतात. ७८०५ ला निदान सात व्होल्ट लागतात. तेव्हा आपल्याकडे लाइनीचा दाब पडला तरी पुरेशी शिल्लक राहते. ६-०-६ चा ट्रान्सफॉर्मर मात्र घेऊ नये. दाब पडला की तो सातच्या खाली जाईल.

दुसरे असे की, रिले पाच व्होल्टचेच हवेत असे कोणी सांगितले? बारा व्होल्टचे रिले घ्या आणि त्यांना रेग्युलेटरच्या आधीची वीज द्या. अकरा व्होल्टवर ते चांगले ओढतात. दाब फार पडणारे गाव असेल तर कमी दाबावर ओढतात का, हे आधी तपासावे. असे केले की रेग्युलेटरवर ओझे उरते फक्त पडदा आणि मंडलाचे, ९० मिलीअँपिअर. आता पुन्हा गुणाकार करा. अकरातून पाच गेले सहा, सहाला ०.०९ ने गुणले, सुमारे अर्धा वॉट. तीन वॉटचा अर्धा वॉट झाला! ६५ च्या हिशेबाने ताप चढेल सुमारे ३५ अंश. हवा ५८ अंश धरली तरी बेरीज ९३. मर्यादेच्या बरीच आत.

ओझे यापेक्षा जास्त असेल तर स्विचिंग रेग्युलेटर घ्यावा. बाजारात याचे तयार छोटे पत्रे मिळतात. मुले त्याला बक कन्व्हर्टर म्हणतात. हा ब्रेक लावीत नाही. तो सेकंदाला हजारो वेळा दार उघडतो आणि मिटतो, आणि लागेल तेवढीच वीज ओंजळीने उचलून घेतो. त्यात शंभरातले साधारण ऐंशी भाग कामी येतात. मात्र जोडण्यापूर्वी त्याच्यावरचा स्क्रू फिरवून मीटरवर बरोबर पाच व्होल्ट येतात हे पाहावे. तसे न पाहता जोडला तर पुढचे सगळे मंडल जाईल.

दुसरा उपाय, झालेल्या उष्णतेला बाहेरची वाट देणे. शेतावरच्या पेटीला भोके पाडू नयेत. पावसाळ्यात पाणी जाईल, मुंग्या आणि पाली जातील. तिथे पत्र्याची पेटी घ्यावी आणि रेग्युलेटर आतून पेटीच्याच भिंतीला स्क्रूने घट्ट बसवावा. मध्ये उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट अगदी पातळ लावावी. जाड थर देऊ नये. मग सारी पेटीच हीटसिंक होते. ७८०५ ची धातूची पाठ आतून ऋण टोकाला जोडलेली असते. पण एलएम ३१७ ची पाठ त्याच्या बाहेर पडणाऱ्या विजेला जोडलेली असते; तो असेल तर मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लॅस्टिकची टोपी हवी. पेटीत २३० व्होल्टची लाइन येत असेल तर पत्र्याच्या पेटीला अर्थिंग केलेच पाहिजे. यात हयगय नको.

शाळेतल्या, छपराखालच्या पेटीला मात्र भोके अवश्य पाडावीत. खालच्या बाजूला काही आणि वरच्या बाजूला काही. गरम हवा वरून जाते आणि खालून थंड हवा येते. नुसती वर किंवा नुसती खाली पाडली तर हवा फिरत नाही. हीटसिंकच्या पट्ट्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या नव्हेत. मोठा कपॅसिटर हीटसिंकला चिकटवून बसवू नये. त्याचा ताप दहा अंशांनी वाढला की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते.

तिसरा उपाय जागेचा. पेटी पत्र्याच्या छपराला लटकवू नये. उत्तरेकडच्या भिंतीला, सावलीत, जमिनीपासून उंच बसवावी. ज्यांच्याकडे सौर कृषिपंप आहे, त्यांनी त्याच्या कंट्रोलरकडेही पाहावे. त्याच्या पाठीवर पट्ट्या असतील तर त्या शोभेच्या नसतात. त्यांवर गोणपाट टाकू नये, मागे हवेला वाव ठेवावा. हे मोठे कंट्रोलर आणि इन्व्हर्टर फार तापले की आपण होऊन वीज कमी देतात. लहान यंत्राला जो नियम, तोच मोठ्यालाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटचे आपल्यासाठी. टेबलावर चाललेले यंत्र पूर्ण झाले असे समजू नये. झाकण बंद करून, सगळे रिले ओढलेले ठेवून, भर दुपारी दोन तास चालवावे. आत तापमापक ठेवावा आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहावा. पारा चढून एका जागी थांबला तर ठीक. चढतच राहिला तर अजून काम बाकी आहे. मुलांना तापलेल्या भागाला बोट लावू देऊ नये, आणि लाइन चालू असताना पेटी उघडू देऊ नये. आधी प्लग काढावा, थोडे थांबावे, मग हात घालावा.

त्या मुलाने पुढे हेच केले. ट्रान्सफॉर्मर बदलला, रिले बदलले, पेटी पत्र्याची घेऊन सावलीतल्या भिंतीवर बसविली. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने खडूने नव्हे, रंगाने लिहिले: आत ११, बाहेर ५, ओझे ०.०९, ताप अर्धा वॉट. वैशाखात दुपारी एक वाजता मी ती पेटी पाहिली. मोटार चालू होती. वडील बांधावर उभे होते. ते काही बोलले नाहीत, कांद्याकडे पाणी वळवून मुलाला म्हणाले, "शेजारच्या विहिरीवर असंच एक बसवशील का?"

वर्गात आपण शिकवितो की शक्ती नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. मुले ते वाक्य पाठ करतात. बंद पेटीतला रेग्युलेटर तेच वाक्य त्यांना हाताला चटका लावून शिकवितो. चटका बसण्याआधी गुणाकार करण्याची सवय आपण त्यांना लावू या.